धाकट्या जावेचे तक्ते

माझी धाकटी जाऊ कुंभकोणच्या स्टेशनावर उतरली तेव्हा तिच्यापाशी एक ट्रंक, एक वळकटी आणि मेणकापडात गुंडाळलेली एक लांबलचक सुरळी होती. ट्रंक आणि वळकटी दिरांनी हमालाच्या डोक्यावर दिली. सुरळीला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. घोडागाडीत बसल्यावरही ती मांडीवर आडवी धरून बसली होती. मला वाटलं, माहेरच्या देवाची तसबीर असेल. घरी येऊन उलगडली तर आतून चार कापडी तक्ते निघाले आणि चारही तक्त्यांवर माणूस. एकावर नुसता हाडांचा, दुसऱ्यावर तांबड्या-निळ्या शिरांचा, तिसऱ्यावर छाती-पोट उघडं टाकलेला, आणि चौथ्यावर मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत पिवळ्या धाग्यांनी विणलेला.

"शाळेने निघताना भेट दिले," ती म्हणाली. "मी शरीरशास्त्र शिकवत होते ना, मुलींना."

सासूबाई बाजेवर बसून बघत होत्या. मला वाटलं, आता त्या हे सगळं बाहेर काढायला सांगणार. त्या एवढंच म्हणाल्या, "तो हाडांचा तेवढा देवासमोर नको गे. बाकीचे लाव."

सात वर्षांत मी त्या भिंतीला एक खिळा मारू शकले नव्हते.

ते महामहमच्या आदल्या वर्षीचं. बारा वर्षांनी येणाऱ्या त्या स्नानासाठी तळ्याचा गाळ काढणं चाललं होतं आणि गावभर त्याचीच बोलणी होती. आमच्या घरात मात्र धाकट्या सुनेचीच बोलणी. आमची घरं तंजावरच्या राजांच्या वेळेला इकडे आलेली. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. दीर रेल्वेत होते, कामासाठी पुण्याला गेले आणि तिथल्या ओळखीतून त्यांचं लग्न ठरलं. सासूबाईंना दम्याचा त्रास, म्हणून त्यांच्यापाशी मी राहिले आणि लग्नाला घरातून माझे यजमान तेवढे गेले. म्हणजे स्टेशनावर मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. गोल पातळ, पायात चपला, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. आम्ही 'मज' म्हणायचो, ती 'मला' म्हणायची. आम्ही 'कशास', ती 'का'. ती बोलायला लागली की सासूबाई तोंडाकडे बघत राहायच्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "ऐक गे, असं बोलावं. आपलं म्हणजे अगदीच बुरसलेलं."

आपलं म्हणत, पण बघत माझ्याकडे.

पहिल्याच पंधरवड्यात सासूबाईंना दम लागला. मी धावत गेले, त्यांना उशांवर टेकवलं, छातीला कोमट तेल चोळायला बसले. कितीतरी वर्षं मी हेच करत आले होते. संध्याकाळी धूप घालायचे तोही त्यांना बरं वाटावं म्हणून जरा जास्त घालायचे. जाऊ दारात उभी राहून क्षणभर बघत होती. मग म्हणाली, "अक्का, त्यांना बसतं करूया का? पुढे वाकवून?"

तिने बाजेसमोर स्टूल ओढलं, त्यावर उशी ठेवली आणि सासूबाईंचे दोन्ही हात उशीवर टेकवून त्यांना पुढे झुकवलं. "घाईघाईने आत ओढू नका. हळूहळू बाहेर सोडा. ओठ बारीक करून. दिव्यावर फुंकर घालतो तसं." खिडकी उघडली. धुपाटणं उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवलं.

थोड्या वेळाने सासूबाईंच्या छातीतली शिट्टी कमी झाली. मी तेलाची वाटी हातात घेऊन तशीच उभी होते.

संध्याकाळी तिने तिसऱ्या तक्त्यापुढे उभं राहून सासूबाईंना दाखवलं. श्वासनळी कशी खाली येते, तिला दोन फाटे कसे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे, आणि शेवटी बारीक बारीक फुगे, द्राक्षाच्या घडासारखे. हवेतलं चांगलं ते त्या फुग्यांतून रक्तात जातं आणि रक्तातलं टाकाऊ ते बाहेर येतं. "दम्यात ह्या बारीक नळ्या आवळतात. हवा आत जाते, पण बाहेर यायला वाट सापडत नाही. म्हणून गुदमरतं. धुराने नळ्या आणखी आवळतात."

"म्हणजे ही रोज धूप घालत होती त्यानं…?" सासूबाई म्हणाल्या.

"त्यांना कसं ठाऊक असणार, आई," ती पटकन म्हणाली.

हे तिने माझ्या बाजूने म्हटलं होतं. ते मला जास्त लागलं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुपारी जेवणं-भांडी आटोपली की शेजारच्या बायका येऊ लागल्या. तमिळ बायका. जावेला तमिळचा एक शब्द येत नव्हता. ती तक्त्यापुढे छडी घेऊन उभी राही, तिच्या शेजारी मी, आणि ती मराठीत सांगे ते मी तमिळमध्ये सांगे. म्हणजे बायका बघायच्या तिच्याकडे, ऐकायच्या मला, आणि निघताना हात धरायच्या तिचा. "किती छान समजावते हो तुमची जाऊ!" असं मलाच सांगायच्या, तेही मग मलाच तिला मराठीत सांगावं लागायचं.

पण खोटं कशाला बोलू, मी ऐकायची ते प्राण कानात आणून. आधी स्वतःला कळल्याशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. हृदय आपल्या मुठीएवढं, ते चार कप्प्यांचं, उजवीकडचे दोन रक्त फुप्फुसांकडे पाठवतात आणि डावीकडचे दोन अंगभर. जठर नावाची पिशवी अन्न घुसळते. त्यापुढे आतड्याचं वेटोळं, ते उलगडलं तर आमच्या माजघरात मावणार नाही इतकं लांब, आणि अन्नाचा खरा उपयोग तिथेच होतो. दोन मूत्रपिंडं सतत रक्त गाळत बसलेली. 'जठर' हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. ती माझ्यासाठी थांबायची, समजावायची, कधी हसायचीही. मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिचे शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघायची. आज मी हे लिहिते आहे ती मराठीसुद्धा निम्मी तिचीच आहे, आणि हे लिहितानाही मला ते आवडत नाही.

एकदाच माझी वेळ आली. फुप्फुसाला तमिळमध्ये 'नुरैयीरल्' म्हणतात. एका बाईने तो शब्द उच्चारला तेव्हा जावेने विचारलं, "ह्या काय म्हणाल्या?" मी सांगितलं, आणि म्हटलं, "नुरै म्हणजे फेस. दुधावर येतो तो."

ती थबकली. "फेस! अक्का, किती अचूक! फुप्फुस हातात घेतलं तर अगदी फेसासारखंच असतं म्हणतात, हलकं, पाण्यावर तरंगणारं. मी इतकी वर्षं शिकवलं, पण हे मला सुचलं नव्हतं."

माझ्या अंगावर काटा आला आनंदाने. रात्री जेवताना सासूबाई माझ्या यजमानांना सांगत होत्या, "आज धाकटीने काय सांगितलं ठाऊक? फुप्फुस म्हणजे फेस म्हणे! कसं सुचतं हिला!" जाऊ म्हणाली, "अहो आई, ते अक्कांनी…" पण तोवर सासूबाईंनी तिच्या पानावर तुपाची धार धरली होती.

मग ती चौथ्या तक्त्यावर आली. मेंदू आणि मज्जातंतू. राग आला, भीती वाटली की मेंदूकडून निरोप सुटतात, छाती धडधडते, हातपाय तयार होतात, आणि पोट आपलं काम थांबवतं. म्हणून रागावलेल्या माणसाला भूक नसते. मी ते तमिळमध्ये सांगितलं आणि सांगता सांगता मला आठवलं, ती आल्यापासून मी एकदाही पोटभर जेवले नव्हते.

तिला दिवस गेले तेव्हा तिला आमच्या घरी येऊन वर्षही झालं नव्हतं.

मी सतराव्या वर्षी ह्या घरात आले. आठ वर्षं झाली होती. सासूबाई मला तिरुक्करुगावूरला घेऊन गेल्या होत्या, तिथल्या देवीचं मंतरलेलं तूप मी चाटलं होतं. गोविंदपुरम्‌ला स्वामींच्या समाधीपुढे मी लोळण घेतली होती. उपास केले. पाळी आली की सासूबाई माझ्याशी बोलत नसत, शिवायचं नाही म्हणून नव्हे. पुन्हा एक महिना वाया गेला म्हणून. आता त्या धाकटीला बसल्या जागी ताक देत होत्या आणि मला म्हणत होत्या, "तिला वाकू देऊ नको. विहिरीचं तू बघ." मी विहिरीचं बघत होते. रहाट ओढताना मनात इतकं काही येई की दोर हाताला काचतोय हेही कळत नसे. तिची ओकारी ऐकू आली तरी हेवा वाटायचा. मला ती ओकारी हवी होती.

त्या दिवसांतल्याच एका दुपारची गोष्ट. सासूबाई आत झोपल्या होत्या. ओसरीवर पाच-सहा बायका. समोरच्या घरातली सहा लेकरांची आई तक्त्यांकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हे सगळं ठीक आहे. पण मूल कुठे राहतं? तुझ्या जावेच्या माणसात ती जागाच दिसत नाही."

मी मराठीत सांगितलं. जाऊ हसली. "कशी दिसेल? चारही पुरुषच आहेत. शाळेत बाईचा तक्ता लावत नाहीत."

मग तिने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं, खाली बसली, रांगोळीचा डबा ओढला आणि काळ्या फरशीवर पिठाने काढायला लागली. उलट्या टांगलेल्या पेरूसारखी एक पिशवी. तिच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून निघालेल्या दोन नळ्या. नळ्यांच्या टोकांशी बदामाएवढ्या दोन गाठी. "इथे बाईचं बीज पिकतं. महिन्याला एक. ते ह्या नळीत येतं. पुरुषाचं बीज खालून वर येतं आणि इथे, नळीत, दोघांची गाठ पडते. मग ते पिशवीत येऊन रुजतं. गाठ पडली नाही तर पिशवीचं अस्तर गळून पडतं, ती पाळी. त्यात वाईट काही नाही, विटाळ काही नाही. अंथरूण घातलं होतं, पाहुणा आला नाही, अंथरूण काढलं. इतकंच."

मी सांगत गेले. कोणी पदर तोंडाला लावला, कोणी पुढे सरकली. आमच्या शेजारची एक तरुण बाई, मांडीवर मूल पीत होतं, तिने हळूच विचारलं, "पपई खाल्ली तर चालते का?"

मी जावेकडे वळले. मराठीत म्हणाले, "ही विचारते आहे, लग्नाला पुष्कळ वर्षं होऊनही एखादीला मूल होत नाही, ते कशास?"

जावेने त्या बाईकडे पाहिलं. मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं. मग ती फरशीवरच्या चित्राकडे बघत बोलली, माझ्याकडे मान न वळवता. "बीज दोघांचं लागतं, अक्का. कधी नळी बंद असते. कधी बीज पिकत नाही. आणि कधी बाईत काहीच कमी नसतं, पुरुषाच्या बीजात जीव नसतो. तो धडधाकट असतो, दिसायला काही कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की कळतं. मोठ्या इस्पितळात बघतात. आधी पुरुषाचं बघावं. ते सोपं असतं. आपल्याकडे मात्र बाईलाच देवळोदेवळी हिंडवतात."

"काय म्हणाली?" बायकांनी विचारलं.

"पपई बेतानेच खा म्हणते," मी म्हणाले.

बाकीचं मी कुणाला दिलं नाही. तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं बोलणं होतं जे माझ्या एकटीचं होतं. आत सासूबाईंचा खोकला ऐकू आला तशी जावेने तळहाताने चित्र पुसून टाकलं. तिला कळलं होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या संध्याकाळी विहिरीवर येऊन तिने माझ्या हातातली घागर घेऊ पाहिली. मी दिली नाही. तिची कीव मला तिच्या ज्ञानाहून जड झाली असती.

माझ्या यजमानांचं मोठ्या बाजारात पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. समया, घंगाळी, कॉफीचे फिल्टर. रविवारी सकाळी ते मागच्या अंगणात अंघोळीला आले तेव्हा मी बंबापाशी उभी राहून सगळं सांगितलं. कुणाचं म्हणून सांगितलं नाही. तरी ते म्हणाले, "हे तिने सांगितलं?"

"हो."

"माझ्या बीजात जीव नाही, असं माझ्या भावाची बायको सांगते?"

"तुमचं नाव नाही घेतलं तिने. कुणाचंच नाही घेतलं."

त्यांनी तांब्या आपटला आणि अंघोळ न करता आत गेले. पुढचे कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. जाऊ समोर आली तर वाट बदलत. मला आतून थोडं बरं वाटलं, कारण ह्या घरात तिच्यावर नाराज असलेलं दुसरं कुणी मला हवंच होतं.

मग एके दिवशी ते माल बघायला म्हणून तंजावरला गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. माल काही आला नाही. मी विचारलं नाही.

सासूबाईंनी पुन्हा तिरुक्करुगावूरला जायचं काढलं होतं. धाकटीच्या सुखरूप बाळंतपणासाठी जायचंच होतं, तेव्हा थोरलीलाही न्यावं, पुन्हा एकदा तूप द्यावं. फुलांची पुडी, खण, नारळ असं सगळं पिशवीत भरून झालं होतं. माझे यजमान कॉफी पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "आई, धाकटीला ने. हिला नको."

"कशास नको?"

"हिच्यात कमी नाही. माझ्यात आहे. डॉक्टरांनी बघितलं. गालगुंड झालं होतं ना मला, सोळाव्या वर्षी? त्याने झालं म्हणतात."

मी चुलीपुढे होते. माझ्या हातातला झारा हातातच राहिला. आठ वर्षं मी जो भार वाहत होते तो ते एका वाक्यात उचलून स्वतःच्या डोक्यावर घेत होते, तोही कॉफीचा पेला समोर ठेवून, साध्या आवाजात. सासूबाईंनी भरलेली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तेव्हा मी माझी सोन्याची साखळी घातली होती तुज. सोन्याने उतरते म्हणाले सगळे. गाल उतरलेही."

"उतरले, आई."

आता त्या माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. काहीतरी बोलतील. त्या हळूच वळल्या, माझ्यावरून नजर पुढे नेली आणि माजघराच्या दाराशी उभ्या असलेल्या धाकट्या सुनेला विचारलं, "हें खरं कां गे? असं होतं?"

लेकाच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला नाही. डॉक्टरच्याही नाही. जाऊ "हो आई, होतं असं," म्हणाली तेव्हा बसला.

त्यानंतर सासूबाई माझ्याशी फार मऊ वागू लागल्या. "दमलीस का?" विचारत. पहिली कॉफी मला देत. ह्याच कॉफीसाठी मी किती वर्षं वाट पाहिली होती, पण तिची चव काही घेता येत नव्हती; देणारीला लाज वाटत होती हे मला दिसत होतं. यजमान मात्र मोकळे झाले. नातेवाइकांत कुणी विचारलं तर स्वतःच सांगायचे. एकदा देवळाच्या दारात मला मूल नाही म्हणून हळहळणाऱ्या एका म्हातारीलाही सांगितलं. त्या काळात असं सांगणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही. त्या एका बाबतीत माझ्याकडे असं काही होतं जे धाकटीकडे नव्हतं, आणि मी ते मनातल्या मनात मोजून ठेवलं होतं.

तिला मुलगी झाली. पुण्याला माहेरी झाली, पुढे महामहमची गर्दी ओसरल्यावर ती तिला घेऊन आली. लगेच दिरांची त्रिचीला बदली झाली. तक्ते गेले, भिंतींवर फिकट चौकोन राहिले. बायका पुढेही काही दिवस येत राहिल्या. कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाच्या पायाला मुंग्या. मी मला येत होतं ते सांगायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "हे ती म्हणाली होती की तू म्हणतेस?"

"ती," मी म्हणायची. मग त्यांचं समाधान व्हायचं.

तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला पुण्याहून कुणी येऊ शकलं नाही, म्हणून मी त्रिचीला गेले. रेल्वेच्या वसाहतीत दोन खोल्या. दीर दिवसभर कामावर. ती वाळली होती. आजूबाजूला सगळ्या तमिळ बायका, त्यांच्याशी बोलायचं काय? भाजीवालीशी बोटांनी व्यवहार. मी पोचले त्या दुपारी ती माझ्याशी इतकं बोलली, इतकं बोलली, की शेवटी तिचा घसा बसला. मग म्हणाली, "अक्का, वर्षभर मी कुणाला काही समजावून सांगितलेलं नाही. शेजारणीचं मूल जुलाबाने सुकलं, माझ्या डोळ्यांदेखत. उकळून गार केलेलं पाणी पाज, थोडं थोडं पण सारखं पाज, एवढंच सांगायचं होतं. मला सांगता आलं नाही." ती रडायला लागली. "मला तमिळ शिकवाल?"

मी लगेच हो म्हटलं नाही. आत जाऊन तिच्या मुलीचं दूध गरम केलं. माझ्याकडे तिच्याहून जास्त असं एवढंच तर होतं. तेही ती मागत होती.

दूध घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "वहीबिही नको. माझ्या तोंडाकडे बघ."

पाणी, उकळ, गार कर, पाज. तिथून सुरुवात केली. ती भराभरा शिकली, वाईट वाटावं इतकी भराभरा. मी परत यायला निघाले तेव्हा ती शेजारणीला दारात उभी राहून काहीतरी सांगत होती आणि शेजारीण मान डोलावत होती. दोन-तीन वर्षांनी कळलं, की वसाहतीतल्या बायका तिच्याकडे दुपारी जमतात, आणि ती सगळं तमिळमध्येच सांगते, कुणाची मदत लागत नाही.

पुढे एकदा दिवाळीला ते सगळे आमच्याकडे आले होते. ती समोरच्या घरातल्या बाईशी ओसरीवर गप्पा मारत होती. माझे यजमान आत येऊन कौतुकाने म्हणाले, "तिचं तमिळ ऐकलंस? तुझ्यापेक्षा साफ बोलते."

मी त्यांना त्या दिवशी कॉफी दिली नाही. स्वतःची स्वतः करून घ्या म्हटलं.